फुटबॉलच्या नव्या पंचांनो, या चुका टाळा

नियमांचं पुस्तक तोंडपाठ असलेले पंचही सामन्यात गडबडतात, आणि दर वेळी त्याच ठरावीक जागी. कारण बहुतेकदा घाई असतं. शिट्टीची घाई, कार्डाची घाई, खेळ पुन्हा सुरू करून मोकळं व्हायची घाई.

नोंद न तपासता कार्ड काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 22 जून 2006, श्टुटगार्ट, विश्वचषकात क्रोएशिया विरुद्ध ऑस्ट्रेलिया. पंच होते इंग्लंडचे ग्रॅहम पोल, त्या काळातलं मोठं नाव. 61व्या मिनिटाला त्यांनी क्रोएशियाच्या योसिप शिमुनिचला यलो कार्ड दाखवलं. 90व्या मिनिटाला दुसरं दाखवलं. दोन यलो म्हणजे रेड आणि बाहेर, तरी शिमुनिच मैदानातच! तिसरं यलो झालं तेव्हा कुठे रेड निघालं. शिमुनिचचा नंबर 3, ऑस्ट्रेलियाच्या क्रेग मूरचाही 3. त्यात शिमुनिचचा जन्म कॅनबेराचा, त्याचं इंग्रजी ऑस्ट्रेलियन वळणाचं. एक नोंद चुकून ऑस्ट्रेलियाच्या नावावर गेली, आणि असिस्टंट (रेषेवरचे सहायक पंच) किंवा मैदानाबाहेरचे चौथे पंच, कुणाच्याच ते वेळेत ध्यानात आलं नाही. विश्वचषकात हे होतं, तर चौथा पंचच नसलेल्या जिल्हा पातळीवरच्या सामन्यात किती जपायला हवं!

म्हणून क्रम ठरवून घ्या. खेळाडूला बाजूला घ्या, जर्सीचा रंग आणि नंबर डोळ्यांनी बघा, मग लिहा: रंग, नंबर, मिनिट, कारण. संघाच्या नावापेक्षा रंग लिहिलेला बरा, नजर रंगावरच असते. त्याच पानावरच्या आधीच्या ओळी वाचा आणि मगच कार्ड वर करा. भांडण पेटायची चिन्हं असतील तर आधी कार्ड, लगेच नोंद, एरवी नाही. यलो शर्टाच्या खिशात, रेड चड्डीच्या मागच्या खिशात. दोन्ही एकाच खिशात ठेवले की कधीतरी चुकीचं निघणारच. असिस्टंटनाही स्वतंत्र नोंद ठेवायला सांगा आणि मध्यांतरात तिघांचे कागद जुळवा. या कामाला दोन मिनिटं पुरतात, तरी ते सर्रास टाळलं जातं.

फाउल दिसला की शिट्टी

दुसरी चूक ॲडव्हान्टेजची, म्हणजे ज्या संघावर फाउल झाला त्याला फायदा होत असेल तर खेळ चालू ठेवण्याची. डिफेंडर मागून पाय घालतो, फॉरवर्ड अडखळतो पण सावरून पुढे जातो. तेवढ्यात शिट्टी वाजलेली असते आणि पुढच्याच क्षणी बॉल जाळ्यात. तो गोल देता येत नाही, कारण शिट्टीबरोबर खेळ थांबला. मग दहा जण पंचांभोवती गोळा होतात, आणि त्यांचं म्हणणं खरं असतं.

उलटी चूकही तितकीच होते: फाउल होताच दोन्ही हात पुढे करून ‘प्ले ऑन’ ओरडायचं. अपेक्षित फायदा काही सेकंदांत मिळाला नाही, तर मूळ फाउल द्यायची मुभा नियमात आहे. पण हात आधीच दाखवलेला असला की मागे येणं अवघड होतं, प्रेक्षकांना पंच डळमळल्यासारखा वाटतो. शिट्टी तोंडात धरून पळू नका, हातात ठेवा. ती ओठांपर्यंत जाईपर्यंत जो क्षण मिळतो, तेवढ्यात पुढचं चित्र दिसतं. दोन सेकंद बघा, मग खूण करा. बॉल ताब्यात राहिला म्हणजे फायदा झाला असं नाही. पुढे मोकळी जागा हवी, साथीदार हवा. स्वतःच्या पेनल्टी बॉक्सजवळ तर फ्री किकच बरी.

रेड कार्डाच्या लायकीचा फाउल असेल तर गोलची स्पष्ट संधी असल्याशिवाय खेळ चालू ठेवूच नका. ठेवलाच, तर बॉल थांबताच त्या खेळाडूला बाहेर काढा. दरम्यान त्यानेच बॉल खेळला किंवा कुणाला अडवलं, तर तिथेच थांबवून रेड आणि इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल होत नाही).

थोडक्यात, पण रोज दिसणाऱ्या

कडं, अंगठी, कानातली बाळी यांवर टेप लावून खेळू देणं. नियमात टेपला परवानगी नाही. काढा, नाहीतर बाहेर थांबा.

इनडायरेक्ट फ्री किकला वर केलेला हात किक झाल्याबरोबर खाली घेणं. बॉल दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत, बाहेर जाईपर्यंत किंवा थेट गोल होणार नाही हे स्पष्ट होईपर्यंत तो वरच हवा.

गोलकीपरने बॉल हातात धरल्यावर अजून जुनी 6 सेकंदं मोजणं. 2025 पासून मर्यादा 8 सेकंदांची, शेवटची 5 हात वर करून बोटांनी दाखवायची, आणि शिक्षा कॉर्नरची.

हलते गोलपोस्ट जमिनीला न जखडता सामना सुरू करणं. पोस्ट अंगावर पडून मुलांचा जीव जाऊ शकतो. पोस्ट पक्का होईपर्यंत किक-ऑफ नाही, आयोजक कितीही घाई करोत.

मधल्या वर्तुळात उभं राहून तिथूनच पेनल्टी देणं. निर्णय बरोबर असला तरी कुणी मानत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं पळा, खेळ तुमच्या आणि असिस्टंटच्या मध्ये राहील. दम पुरत नसेल तर आधी दम कमवा. शिट्टी नंतर घ्या.

गोलनंतर मागे वळून न बघणं

खेळ पुन्हा सुरू झाला की आधीचा निर्णय बदलता येत नाही. म्हणून बॉल जाळ्यात गेल्यावर पाठ फिरवू नका, आधी असिस्टंटकडे बघा. तो मधल्या रेषेकडे पळत असेल तर गोल नोंदवा. फ्लॅग वर करून उभा असेल, किंवा नुसताच थांबला असेल, तर त्याच्यापर्यंत चालत जा. खेळाडूंना लांब ठेवा, ‘ऑफसाइड कोण, नंबर किती, त्याने बॉलला हात-पाय लावला का’ एवढंच विचारा, आणि उत्तर पटल्यावरच किक-ऑफची शिट्टी द्या.