जुनी ट्रायम्फ बॉनविलच्या मिठावर पळवायचीय? मग ताकदीचं नंतर बघू

बॉनविल म्हणजे अमेरिकेतल्या युटामधलं मिठाचं मैदान, तिथे गाड्या सरळ रेषेत पळवून टॉप स्पीड मोजतात. हे ट्रायम्फ टी120, म्हणजे 650 सीसीवाल्या ट्विनबद्दल (दोन सिलिंडरच्या बाईकबद्दल) लिहितोय, पण बीएसए किंवा नॉर्टन असली तरी बरंचसं लागू पडेल. या गाडीला बॉनविल नावच मुळात त्या मैदानावरून पडलंय, 1956 मध्ये जॉनी अ‍ॅलनने तिथे ट्रायम्फच्याच 650 इंजिनवर ताशी 214 मैल काढले होते, अर्थात ते बंद सिगारसारखं वाहन होतं, आपली साधी बाईक तेवढी जाणार नाहीये.

सगळ्यात आधी रूलबुक. क्लास, म्हणजे गाडी कुठल्या गटात पळणार ते ठरल्याशिवाय एक नटही सैल करू नका, कारण कार्ब्युरेटर, फेअरिंग (हवा कापणारं पुढचं कव्हर), फ्रेम, पेट्रोल सगळं त्यावर ठरतं. लोक आधी हजारोंचे पार्ट मागवतात आणि मग कळतं की गाडी भलत्याच क्लासमध्ये जाऊन बसली.

मग इंजिन उघडा. हाय कॉम्प्रेशन पिस्टन, रेस कॅम वगैरे नंतर, पहिल्यांदा क्रँकमधला स्लज ट्रॅप साफ करा. या जुन्या ट्रायम्फना नीट ऑइल फिल्टर नसतो, सगळा गाळ क्रँकच्या आतल्या नळीत साठतो, तो तुंबला की बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगला) तेल मिळत नाही आणि इथे मिठावर गाडी दीड मिनिटाच्या आसपास जवळजवळ फुल थ्रॉटलवर असते, रस्त्यावर असं कधीच होत नाही, त्यामुळे जो पार्ट रस्त्यावर वीस वर्षं चालला तो इथे एका रनमध्ये जाऊ शकतो. तेलाच्या रिटर्न लाइनवर बाहेरून फिल्टर बसवून टाका, स्वस्तात होतं. आणि विटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) पाने घ्या हो, मिलिमीटरच्या पान्याने नट गोल करू नका.

आता गिअरिंग, माझ्या मते निम्मी लढाई इथेच आहे. स्टँडर्डला पुढच्या स्प्रॉकेटला 19 दात, मागच्याला 46, टॉप गिअर 4.84, म्हणजे मागच्या चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 4.84 फेरे. मागे 18 इंची टायर धरून 7000 आरपीएमला ताशी साधारण 178 किमी निघतात, पुढे 21 दातांचं स्प्रॉकेट टाकलं तर कागदावर 197. पण कागदावरच! इंजिनात दम नसेल तर मोठ्या स्प्रॉकेटने आरपीएम चढतच नाहीत आणि गाडी उलट हळू जाते, शिवाय मिठावर मागचं चाक थोडं घसरतंच. म्हणून दोन-तीन स्प्रॉकेट सोबत न्या आणि तिथेच बदलून बघा.

हवेचं गणित तर आणखी वाईट, वेग 10 टक्के वाढवायला ताकद साधारण 33 टक्के जास्त लागते. त्यामुळे आरसे, इंडिकेटर काढा, हँडल खाली घ्या, फूटरेस्ट मागे सरकवा, टाकीवर अक्षरशः आडवे पडा. 1948 मध्ये रोली फ्रीने व्हिन्सेंटवर पोहायच्या चड्डीत आडवं पडून ताशी 150 मैल पार केले होते, आज तसं गेलात तर लायनीत उभंही करणार नाहीत, पूर्ण लेदर सूट लागतोच. हाताला दोरीने बांधलेला किल स्विच (इंजिन बंद करणारा), स्टीअरिंग डँपर (हँडलची थरथर रोखणारा), ड्रेन प्लग सुटू नयेत म्हणून त्यांना लॉकवायर, वेगाचं रेटिंग असलेले टायर, टायरच्या वाल्व्हना धातूच्या कॅप, हे घरूनच करून जा.

जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जाणार ते ठरवणाऱ्या जेटची निवड, मात्र तिथेच. मैदान 1280 मीटरच्या आसपास उंच, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंसंच खाली, त्यात ऑगस्टचं ऊन, हवा पातळ, म्हणून घरच्या मेन जेटवर गाडी रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त अशी चालणार. तरी सुरुवात रिचवरच करा, लीन (पेट्रोल कमी) चालून पिस्टनला भोक पडण्यापेक्षा थोडा धूर परवडला. रनच्या शेवटी फुल थ्रॉटलवरच इंजिन बंद करायचं, क्लच दाबायचा, गाडी घरंगळू द्यायची आणि मग स्पार्क प्लग काढून रंग बघायचा, हळू करत इंजिन चालू ठेवून आलात तर प्लग काहीच खरं सांगत नाही.

आणि मीठ. ते ब्रेक ड्रममध्ये, स्पोकच्या निपलमध्ये, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये, कुठेही घुसतं. जायच्या आधी खालच्या भागांवर ग्रीस नाहीतर तेलाचा स्प्रे मारा (डिस्क, ब्रेक शू आणि टायर सोडून!), परत आलात की गोड्या पाण्याने भरपूर धुवा, मग चाकं काढून ड्रम उघडून परत धुवा, कारण वरून चकाचक दिसणारी गाडी महिन्याभरात आतून गंजलेली निघते.