भूक लागली की साखर ‘लो’? या चुका टाळा

सकाळी अकराला मधुमेही पेशंटचा फोन येतो. “मॅडम, पोटात खड्डा पडलाय, साखर लो झाली असणार. दोन बिस्किटं खाल्ली.” मोजलीत का? “नाही हो.” आठवड्यातून चारदा तरी हाच संवाद. मी आहारतज्ज्ञ कमी, रेकॉर्ड केलेली टेप जास्त.

एक निवृत्त मास्तर होते. वर्षभर रक्तातली साखर २५०च्या (मिग्रॅ/डेसिली) वर. औषध सुरू झालं आणि थरथर, घाम, सारखी खा-खा. दर वेळी गुळाचा खडा, वर चहा-खारी. महिन्यात दोन किलो वजन चढवून आले आणि म्हणाले, “तुमचं औषध सोसत नाही.” म्हटलं, पुढच्या वेळी आधी बोट टोचा. आकडा आला ११८! चढ्या साखरेची सवय झालेल्या शरीराला नॉर्मल आकडासुद्धा दुष्काळ वाटतो. गुळाचा खडा बंद केला, तशी काही आठवड्यांत थरथर आपसूक थांबली. खरी ‘लो’ म्हणजे ७०च्या खाली. तेव्हा मात्र लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. इन्सुलिनवाल्यांनी मीटर हाताशी नसेल तर वाट बघू नये, आधी साखर घ्यावी.

दुसरी चूक हल्लीच्या सेन्सरवाल्यांची, म्हणजे अंगावर चिकटवलेल्या यंत्रावर दिवसभर साखर बघणाऱ्यांची. जेवणानंतरचा चढ डोळे फाडून बघतात, उताराकडे लक्षच नाही. भुकेची मेख उतारात आहे. २०२१च्या एका मोठ्या अभ्यासात, खाल्ल्यावर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्याही खाली घसरली, त्यांना जास्त भूक लागली आणि ते पुढचं जेवण लवकर जेवले. रक्तात साखर किती, यापेक्षा शरीर ती किती वापरतं यावर भूक ठरते, हे पोषणशास्त्रज्ञ जाँ मेयर १९५३मध्येच मांडून गेले. बेफाम मधुमेहात रक्त साखरेने भरलेलं आणि माणूस उपाशी, ते उगाच नाही.

माझी सवय: आकडा बघण्याआधी भुकेला दहापैकी गुण द्यायचे आणि वहीत लिहायचे. नवशिक्यांना याचा कंटाळा येतो, त्यांना ॲप हवं असतं.

‘उपासाने कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) वाढले की भूक मरते’ हे बऱ्याच अंशी खरं. पण मधुमेहाची औषधं चालू असताना हा प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नका.

सेन्सर बोटातल्या रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो, त्याच्याशी भांडू नका. आणि आंबा कापलेल्या हाताने बोट टोचून ३००चा आकडा मला पाठवू नका. हात धुवा, मग टोचा.