तालुक्याच्या गावात राहून हंगेरीवर रिसर्च कसा करायचा

इतिहासात एमए झालं, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) निघाली, आता विषय कोणता म्हणून गाइडकडे गेलं की बहुतेक पोरांना ठरलेलीच यादी भेटते, अमक्या जिल्ह्याचं स्वातंत्र्यलढ्यातलं योगदान नाहीतर तमक्या तालुक्याचा सामाजिक अभ्यास. वाईट नाही ते. पण एखाद्याला खरंच बाहेरच्या देशात इंटरेस्ट असला, समजा हंगेरी, तर सगळे त्याला वेड्यात काढतात, काहून बाप्पा हंगेरी, कोण आहे तिकडं तुझं? हे त्या एखाद्यासाठी लिहून राहिलो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. आवड पाहिजेच, पण त्या विषयाची कागदपत्रं तुमच्या हाताला लागली पाहिजेत. मोहाचची, म्हणजे तुर्कांनी हंगेरीला हरवलं ती लढाई (29 ऑगस्ट 1526) कितीही भारी वाटली तरी तिची साधनं लॅटिन, तुर्की, जर्मन अशा भाषांत आहेत, त्या शिकेपर्यंत रजिस्ट्रेशनची मुदत संपून जाईल. विहीर खोदायच्या आधी पाणी कुठं लागते ते पाहतोच ना आपण. म्हणून ज्या विषयाची निम्मी तरी साधनं भारतात आणि इंग्रजीत आहेत तोच घ्या. असे विषय आहेत, आणि चांगले आहेत.

त्याआधी महिना दीड महिना नुसतं बेसिक वाचन. वहीच्या एका पानावर सांगाडा लिहून काढा, मोबाईलमध्ये नको, वहीतच. 895 च्या आसपास मॉज्यार (म्हणजे हंगेरियन लोकांच्या) टोळ्या कार्पेथियन खोऱ्यात आल्या, 1000 सालाच्या सुमारास इश्तवान ख्रिस्ती राजा झाला, 1526 ला मोहाच, 1541 ला बुदा (राजधानी, आजच्या बुदापेश्तचा भाग) तुर्कांकडे गेलं आणि देशाचे तीन तुकडे झाले, 1686 ला बुदा परत घेतलं पण आता हाब्सबुर्गांच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या हाताखाली, 1848-49 ची क्रांती आणि तिचा पराभव, 1867 ची ऑस्ट्रियासोबतची तडजोड, पहिल्या महायुद्धानंतरचा 1920 चा त्रियानों तह (त्यात हंगेरीची बरीच जमीन गेली), 1944 मध्ये मे ते जुलै एवढ्याशा काळात सव्वाचार लाखांहून जास्त ज्यू लोकांना देशाबाहेर छळछावण्यांकडे पाठवलं, त्यातले बहुतेक आउश्वित्सला, मग सोव्हिएत काळ, 1956 चा उठाव, आणि 1989 मध्ये कम्युनिस्ट राजवट जाऊन झालेला बदल. एवढं तोंडपाठ असलं की पुढचं वाचलेलं कुठं टांगायचं ते समजते.

आता विषय. माझ्या मते आपल्याकडच्या पोट्ट्यांसाठी सगळ्यात भारी विषय 1956. पाहा, 23 ऑक्टोबर 1956 ला बुदापेश्तमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला आणि रात्रीपर्यंत त्याचा उठाव झाला, 1 नोव्हेंबरला पंतप्रधान इम्रे नॉद्य यांनी वॉर्सा करारातून (सोव्हिएत गटाचा लष्करी करार) बाहेर पडतो, देश तटस्थ राहील असं जाहीर केलं, आणि 4 नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. आणि त्याच 1 नोव्हेंबरला आपला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, नागपूरचं राजधानीपण गेलं! वरून त्याच आठवड्यात सुएझचं युद्ध. म्हणजे त्या दिवसांत आपले लोक पेपर उघडून काय वाचत होते, स्वतःचं राज्य बदलून राहिलं असताना तिकडच्या लोकांच्या लढ्याकडे कसं पाहत होते, हाच एक पीएचडीचा प्रश्न होऊ शकते, आणि यासाठी बुदापेश्तला जायची गरज नाही.

भारताचा रोल पण साधा नाही. सुएझवर नेहरू लगेच आणि कडक बोलले, हंगेरीवर सुरुवातीला हातचं राखून. 4 नोव्हेंबरच्या युनोच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला आणि 9 नोव्हेंबरच्या ठरावात युनोच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या असं कलम होतं त्याच्या विरोधात मत दिलं, तिथं भारताच्या वतीनं कृष्ण मेनन होते. त्यावरून देशात चांगलीच टीका झाली, जयप्रकाश नारायण उघड बोलले, लोकसभेत नोव्हेंबरमध्येच चर्चा झाली. पण दुसरी बाजू पण पाहा, बुदापेश्तमधल्या भारतीय वकिलातीतले एम. ए. रहमान आणि मॉस्कोतले राजदूत के. पी. एस. मेनन यांच्याशी तिथल्या विरोधी गटातले लोक संपर्कात होते, तोडग्याचा मसुदा भारतीयांमार्फत पुढं जावा म्हणून धडपडत होते, त्यात अरपाद ग्योंत्स नावाचा माणूस होता, त्याला 1958 मध्ये जन्मठेप झाली आणि तोच पुढं 1990 ते 2000 हंगेरीचा राष्ट्राध्यक्ष. नॉद्य यांना मात्र 16 जून 1958 ला फाशी दिली आणि 1989 मध्ये त्याच तारखेला सन्मानानं पुन्हा दफन केलं. नेहरू चुकले की बरोबर होते हा वादविवाद स्पर्धेचा विषय झाला, रिसर्चचा प्रश्न असा पाहिजे की सरकारपर्यंत कोणती माहिती कोणत्या दिवशी पोचली आणि त्यावर भूमिका कशी बदलत गेली.

साधनं कुठं भेटतील? लोकसभेच्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल लायब्ररीत स्कॅन केलेल्या आहेत, फुकट. नेहरूंचे निवडक लेख-भाषणं-पत्रं यांचे खंड ऑनलाइन आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, अकाउंट काढा आणि हंगेरी टाकून सर्च मारा, काही फायली तिथंच उघडतात, काहींसाठी दिल्लीला जावं लागते. युनोच्या डिजिटल लायब्ररीत ठराव, कोणी काय मत दिलं ते, आणि 1957 चा हंगेरीवरच्या खास समितीचा अहवाल, हे सगळं आहे, आणि इंग्रजी सोपं आहे.

मग पेपर. नागपूरचा हितवाद 1911 पासूनचा, तरुण भारत पण त्या काळात होता. जुन्या वाचनालयांत आणि युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बांधलेल्या फायली असतात, पण कोणत्या वर्षाच्या आहेत ते फोन करून विचारल्याशिवाय एसटीत बसू नका, कारण कॅटलॉगमध्ये असते आणि कपाटात नसते असं लय वेळा होते. कॉलेजच्या लेटरहेडवर प्रिन्सिपलच्या सहीशिक्क्याचं पत्र न्या. कागद इतका ठिसूळ झालेला असते की झेरॉक्स काढू देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं, म्हणून मोबाईलनं फोटो काढायची परवानगी पत्रातच मागून घ्या, आणि प्रत्येक बातमीच्या आधी पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असा एक फोटो काढा. नाहीतर घरी येऊन शेकडो फोटोंत कोणता कधीचा ते शोधत बसाल. बातमीच नाही, अग्रलेख, वाचकांची पत्रं, व्यंगचित्रं पण घ्या.

1956 नको असेल तर दुसरा एक विषय, कोरोशी चोमा शांदोर. 1784 चा जन्म, ट्रान्सिल्व्हेनियातला, स्वतःच्या मॉज्यार लोकांचं मूळ आशियात सापडेल म्हणून पायी निघाला आणि लडाखमध्ये पोचला, झंस्करच्या मठात आणि पुढं किन्नौरच्या कानम गावात बसून तिबेटी शिकला, 1834 मध्ये कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश छापला, एशियाटिक सोसायटीत ग्रंथपाल होता, 1842 मध्ये दार्जिलिंगला वारला. सोसायटीच्या जर्नलचे त्या काळातले अंक इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. आणि ज्यांना लोकगीतं, जात्यावरच्या ओव्या, दंडारीत रस आहे त्यांनी बार्तोक आणि कोदाय या दोन हंगेरियन संगीतकारांकडे पाहावं, 1905-06 पासून फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांत गाणी गोळा करत फिरले दोघं. बार्तोकनं रोमानियन आणि स्लोव्हाक गाणी पण गोळा केली आणि त्यापायी आपल्याच देशातल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. संस्कृती कोणाची हा प्रश्न इथं अगदी हातात सापडते.

आता आकड्यांकडे येतो, कारण इथं भलेभले घसरतात. त्रियानों तह, 4 जून 1920. एका पुस्तकात लिहिलेलं असते हंगेरीची 67 टक्के जमीन गेली, दुसऱ्यात 71-72 टक्के. दोन्ही बरोबर! फरक क्रोएशिया-स्लाव्होनियाचा आहे, तो हंगेरीच्या राजमुकुटाखाली होता पण त्याला वेगळी स्वायत्तता होती. तो धरला तर जुना देश सुमारे 3 लाख 25 हजार चौरस किमी, सोडला तर 2 लाख 83 हजार, आणि तहानंतर उरले 93 हजार. तसंच 1910 च्या जनगणनेत मॉज्यार भाषा बोलणारे 54 टक्क्यांच्या वर म्हणा की 48, हे पण क्रोएशिया धरला का यावरच. म्हणजे एकाच देशात मॉज्यार बहुसंख्य होते पण आणि नव्हते पण, आणि कोणता लेखक कोणता आकडा उचलते त्यावरून त्याचा कल समजते. अजून एक, त्या जनगणनेत राष्ट्रीयत्व नाही, मातृभाषा विचारली होती, आणि यिडिश वेगळी भाषा म्हणून मोजलीच नाही, त्यामुळं बहुतेक ज्यू लोक मॉज्यार भाषिकांत आले. आपल्याकडे पण मातृभाषेच्या रकान्यात कोणी गोंडी लिहिते, कोणी मराठी सांगून मोकळा होते, म्हणून आपल्या पोरांना हा मुद्दा पटकन समजते. तर कोणताही टक्का लिहिला की त्याच ओळीत कोणतं क्षेत्र आणि काय विचारलं होतं ते लिहा.

गावांच्या नावांचं पण तसंच. पोझोन्य, प्रेसबुर्ग, ब्रातिस्लावा हे एकच शहर. कोलोज्वार, क्लाउझेनबुर्ग, क्लुज हे पण एकच. सर्च करताना तिन्ही नावं टाका, नाहीतर निम्मे लेख दिसणारच नाहीत. लिहिताना ज्या वर्षाबद्दल लिहून राहिले त्या वर्षीचं सरकारी नाव, आणि पहिल्यांदा येईल तिथं आजचं नाव सोबत. वाचताना फक्त हंगेरियन बाजू वाचू नका, रोमानियन आणि स्लोव्हाक इतिहासकारांचं इंग्रजीत आलेलं पण वाचा, त्यांच्यासाठी 1920 ही मिळकत होती. आणि हे जुनं झालं असं समजू नका, 2010 मध्ये तिथल्या संसदेनं 4 जून हा राष्ट्रीय एकजुटीचा दिवस केला, 2014 मध्ये 1944 च्या जर्मन कब्जाचं स्मारक बुदापेश्तमध्ये उभारलं तर लोकांनी त्याच्या समोर आपापल्या मेलेल्या नातेवाइकांच्या वस्तू, फोटो आणून ठेवले, कारण त्यांच्या मते त्यात हंगेरियन सरकारचा स्वतःचा वाटा झाकला होता. म्हणून लेख कोणत्या संस्थेनं, कोणत्या वर्षी छापला ते नोंदवत जा.

भाषा शिकायचीच का? थोडी तरी. शब्दाला प्रत्ययामागं प्रत्यय जोडत जातात, मराठी माणसाला ते एकदम परकं वाटत नाही, आणि लिंगाची भानगड नाही. डुओलिंगोवर आहे. वाचताना एस म्हणजे श, एस-झेड म्हणजे स, सी-एस म्हणजे च, म्हणून बुदापेश्त. आडनाव आधी येते, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं, त्यामुळं बार्तोक हे आडनाव आणि बेला नाव. मशीन भाषांतर करताना हंगेरियनमधून सरळ मराठीत नका नेऊ, इंग्रजीत न्या, आणि तो आणि ती यावर तर भरवसा अजिबात ठेवू नका, कारण मूळ भाषेत दोघांना एकच सर्वनाम आहे आणि मशीन अंदाजानं ठोकून देते.

ऑनलाइन सामानात हुंगारिकाना पोर्टल फुकट आहे, जुने नकाशे, अभिलेख, संग्रहालयांची प्रकाशनं. सेचेन्यी राष्ट्रीय ग्रंथालयाची इलेक्ट्रॉनिक लायब्ररी पण फुकट. आर्कानुम या जुने पेपर-पुस्तकं असलेल्या साइटला पैसे लागतात. 1956 साठी बुदापेश्तचं ब्लिंकेन ओएसए अर्काइव्ह, रेडिओ फ्री युरोपचे (अमेरिकेच्या पैशावर चालणारं, कम्युनिस्ट देशांसाठीचं रेडिओ केंद्र) कागद तिथं आहेत आणि बरेच स्कॅन झालेत. इंग्रजीत हंगेरियन हिस्टॉरिकल रिव्ह्यू हे जर्नल पूर्ण मोफत. जेस्टोर या रिसर्च लेखांच्या साइटवर साधं अकाउंट काढलं तर महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात. आणि कॉलेजच्या लायब्रेरियनला एन-लिस्टचा (कॉलेजांसाठी ई-जर्नल आणि ई-पुस्तकांची सरकारी सोय) पासवर्ड मागा, सरकारी संस्था असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन या जर्नलांच्या सरकारी योजनेचं विचारा, असते पण कोणी मागतच नाही. मोठ्या पीडीएफ पहाटे लावा, दिवसा लाईनचा आणि रेंजचा दोन्हीचा भरवसा नाही.

कागदी कामाचं थोडक्यात. शोधगंगेवर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांची साइट) आधी पाहा कोणी हाच विषय केला का. आरआरसी म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीसमोर सिनॉप्सिसमध्ये साधनांची यादी पत्त्यासकट द्या, म्हणजे शक्य आहे का हा प्रश्न येणारच नाही. फेलोशिपसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, महाज्योतीचं ऑफिस तर नागपूरलाच. दिल्ली विद्यापीठात स्लाव्होनिक आणि फिनो-उग्रियन विभागात हंगेरियन शिकवतात आणि दिल्लीतच हंगेरीचं सांस्कृतिक केंद्र आहे, दोघांना मेल टाकून ठेवा. तिकडं जायचंच असेल तर हंगेरी सरकारची स्टिपेंडियम हुंगारिकुम स्कॉलरशिप, भारतीयांना अर्ज करता येते, फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात, म्हणून पासपोर्ट आणि ट्रान्सक्रिप्ट दिवाळीच्या आधी काढून ठेवा, युनिव्हर्सिटीतून ट्रान्सक्रिप्ट निघायला किती चकरा लागतात ते सांगायला नको.

तिथल्या अभिलेखागाराला मेल करताना इंग्रजीत, छोटा, एकच प्रश्न, फायलीचा नंबर असेल तर तो टाकून. हंगेरीचं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागं आहे, तर आपल्या दुपारी दोनच्या सुमारास पाठवलं की त्यांच्या सकाळच्या कामात ते वरच दिसते. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर एकदा आठवण द्या.