पेपर सबमिट करायच्या आधीची कॉपीराइटची तयारी

नाशिकला गंगापूर रोडच्या कॉलेजात असा, मुक्त विद्यापीठात असा नाहीतर म्हसरूळला आरोग्य विद्यापीठाखाली पीएचडी करत असा, हे सबमिट करायच्या आधीच उरकून घ्या, कारण एकदा ॲक्सेप्टन्सचा मेल आला की पेढ्यांच्या नादात ॲग्रीमेंट कोणी वाचत नाही.

जर्नल निवडतानाच बघा सही कशावर करायचीये, कॉपीराइट ट्रान्सफर की नुसतं छापायचं लायसन्स. ट्रान्सफर केलात तर स्वतःचाच ग्राफ पुढे पुस्तकात टाकायला परवानगी मागत बसायची वेळ येऊ शकते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात, पण पब्लिशर काय कच्चे नाहीत, ते पूर्ण मुदत आणि अख्खं जग असं छापूनच आणतात. सही बहुतेक वेळा एकच जण सगळ्यांच्या वतीने करतो, तेव्हा गाइड आणि बाकीच्यांचा होकार आधीच मेलवर घेऊन ठेवा.

स्टडी एरियाचा नकाशा! निफाड तालुक्याचा गूगल मॅपचा स्क्रीनशॉट काढून त्यावर लाल गोल मारलेला असतो, तो काढून टाका, नकाशा गूगलचा आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा घेऊन क्यूजीआयएस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बनवा आणि खाली त्यांचं क्रेडिट लिहा.

आता ओपन ॲक्सेस, म्हणजे पेपर कोणालाही फुकट वाचता येणं. त्यासाठी पैसे भरावेच लागतात असं काही नाही, एपीसी, म्हणजे लेखकाकडून छापायची फी, न घेणारी चांगली जर्नल्स डीओएजे या ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या ऑनलाइन यादीत सापडतात (जर्नलच्या साइटवरचा लोगो बघून खूश होऊ नका, डीओएजेवर जाऊन शोधा. आणि यूजीसीने केअर लिस्ट, म्हणजे त्यांची मान्य जर्नल्सची यादी, २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ पाटीला आता अर्थ नाही). नाहीतर नेहमीच्या जर्नलला द्या आणि रिव्ह्यूनंतरची, त्यांचं लेआउट न झालेली शेवटची वर्ड फाइल जपून ठेवा, तीच बऱ्याचदा रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात, टाकता येते, कधी आणि कुठे ते ओपन पॉलिसी फाइंडर या साइटवर जर्नलचं नाव टाकून बघायचं. सरकारची जर्नल्सच्या वर्गणीची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आलीये ना, मग कशाला, असं म्हणाल तर ती सरकारी संस्थांतल्या लोकांना वाचायला, दिंडोरीच्या ज्या बागायतदाराच्या द्राक्षांवर पेपर लिहिलात त्याला तो तरीही उघडणार नाही.

ओपन ॲक्सेसला वाचकांसाठी कुठलं लायसन्स हवं असं विचारलं तर मी सीसी बाय म्हणेन, म्हणजे तुमचं नाव देऊन कोणीही वापरावं. एनडी (बदल करून वाटायला मनाई) असलेलं घेतलंत तर कोणाला तुमचा पेपर मराठीत करून वाटायचा असेल तर परवानगी लागते.

आणि थिसिस शोधगंगा या थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर जाणारच आहे, त्यात छापून आलेला पेपर जसाच्या तसा चॅप्टर म्हणून घालत असाल तर पब्लिशरची पॉलिसी वाचा, तिथे स्पष्ट नसेल तर बाइंडिंगला टाकायच्या बऱ्याच आधी मेल करा, उत्तरं निवांत येतात.