एम-वनचं (इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरचं मॅथ्स) गणित किंवा केमिस्ट्रीचा न्यूमेरिकल अडला तर मदत कशी मागायची

फर्स्ट इयरला असाइनमेंटची तारीख जवळ आली की ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, "कोणीतरी सोडवलेलं टाका रे". कोणीतरी टाकतंच, सगळे उतरवून काढतात, त्यात चूक असेल तर ती चुकीसकट अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये जाते आणि सहीपण मिळते. पण ओरलला "ही स्टेप कुठून आली" विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. त्यापेक्षा मदतच मागायची तर नीट मागा, वेळ फार जास्त लागत नाही.

सगळ्यात आधी आपण नक्की कुठल्या ओळीवर अडलोय ते शोधायचं. "सर हा सम कळला नाही" म्हटलं की सर पहिल्यापासून फळ्यावर सोडवून दाखवतात, आपण मान हलवतो, आणि घरी आलं की परत तिथंच. उदाहरण म्हणून ऑयलरच्या थिअरमवरचा नेहमीचा प्रश्न घ्या: यू म्हणजे टॅन इन्व्हर्स ऑफ, कंसात वर एक्सचा घन अधिक वायचा घन आणि खाली एक्स वजा वाय, आणि सिद्ध करायचंय की एक्स गुणिले यूचं एक्सने पार्शल, अधिक वाय गुणिले यूचं वायने पार्शल, बरोबर साइन टू यू. बरेच जण यूलाच थेट थिअरम लावतात आणि उत्तर येत नाही म्हणून अख्खा चॅप्टर कळला नाही असं समजतात, पण अडलेली ओळ एकच आहे: यू होमोजिनियस (म्हणजे एक्स-वाय दोन्हींना टीने गुणलं की टीचा एखादा घात बाहेर येतो, तो घात म्हणजे डिग्री) नाहीच, टॅन यू आहे, डिग्री २. म्हणजे थिअरम टॅन यूला लावायचा, डावीकडे सेक स्क्वेअर यू बाहेर येतो, उजवीकडे २ टॅन यू, भागाकार केला की २ साइन यू कॉस यू, झालं. आता प्रश्न असा विचारा की "यू होमोजिनियस नाही हे कसं ओळखायचं?" याचं उत्तर सिनिअरसुद्धा कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या देईल, आणि पुढच्या साइन इन्व्हर्स, लॉगवाल्या समांनाही ते चालेल.

विचारायचं कोणाला? पहिला नंबर ट्युटोरियल घेणाऱ्या सर-मॅडमचा, कारण पेपरला कुठली स्टेप लिहिली नाही तर मार्क कापतात हे त्यांना माहीत असतं, युट्यूबला नाही. लेक्चर संपल्या संपल्या घोळक्यात नका गाठू, दुपारी स्टाफरूममध्ये वही घेऊन जा, आणि वहीत स्वतःचा अर्धवट का होईना प्रयत्न असू दे, कोरं पान बघितलं की कोणाचाही मूड जातो. टॉपिकच डोक्यावरून गेला असेल तर आयआयट्यांचे एनपीटीईएलचे व्हिडिओ आहेत, खान अकॅडमी आहे, एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर प्रॉब्लेम सेट आणि त्यांची सोल्युशन्स फुकट मिळतात. मॅथेमॅटिक्स स्टॅक एक्सचेंजवर विचारणार असाल तर प्रश्न टाइप करून टाका, तिरका अंधुक फोटो नको, आणि स्वतः काय केलंत ते लिहा, नाहीतर प्रश्न बंद करतात. टॅनच्या डोक्यावर नुसती वजा एक घात टाकली तर कोणी एक भागिले टॅनही समजेल, त्यामुळे आर्कटॅन असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

एआय चॅटबॉटला विचारताच सगळे, तर निदान असं विचारा: "पूर्ण सोडवू नकोस, माझी तिसरी ओळ चुकली का तेवढं सांग". चुकीचं उत्तरही तो इतक्या आत्मविश्वासाने देतो की आपल्यालाच आपली शंका यायला लागते, म्हणून कोणाचंही उत्तर आलं तरी आकडा टाकून बघायचं. वरच्या समात एक्स १ आणि वाय ० घ्या. यू येतो पाय बाय फोर, डावी बाजू १ येते, साइन पाय बाय टू पण १, जमलं (हे सिद्ध करणं नव्हे हां, पेपरात लिहू नका). कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे ना ते बघा, डिग्रीवर राहिला तर कॅल्क्युलसचं काहीच जुळणार नाही. इंटिग्रेशनचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून लगेच खोडू नका, २ साइन एक्स कॉस एक्सचं उत्तर साइन स्क्वेअर एक्स पण येतं आणि वजा कॉस स्क्वेअर एक्स पण, दोन्ही बरोबर कारण फरक कॉन्स्टंटचाच आहे. शंका असेल तर उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन बघा.

केमिस्ट्रीत मात्र बहुतेक वेळा केमिस्ट्री अडत नाही, युनिट अडतं. पाण्याच्या हार्डनेसचा ईडीटीएवाला (टायट्रेशनमध्ये हार्डनेसचे क्षार मोजायला घालतात ते द्रावण) न्यूमेरिकल बघा. १ लिटरमध्ये १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असलेलं स्टँडर्ड हार्ड वॉटर ५० मिली घेतलं, त्याला ईडीटीए ४५ मिली लागलं, आणि आपल्या सॅम्पलच्या ५० मिलीला १८ मिली. लोक फॉर्म्युला शोधत बसतात, नका शोधू. ५० मिली स्टँडर्डमध्ये ५० मिलिग्रॅम कार्बोनेट आहे, म्हणजे ४५ मिली ईडीटीए ५० मिलिग्रॅमला पुरतं, मग १८ मिली २० मिलिग्रॅमला. हे २० मिलिग्रॅम ५० मिलीत, तर लिटरमध्ये ४००, म्हणजे ४०० पीपीएम. प्रत्येक ओळीपुढे युनिट लिहून न्या आणि मग विचारायला जा, निम्म्या वेळा लिहितानाच चूक सापडेल आणि जायची गरजच पडणार नाही. नर्न्स्टच्या (सेलचं व्होल्टेज काढायच्या) समात ०.०५९१ डोळे झाकून टाकतात, तो आकडा २५ डिग्री सेल्सिअसचा आहे, तापमान वेगळं दिलं असेल तर २.३०३ आरटी भागिले एफ स्वतः काढायचं, आणि तिथे आर (गॅस कॉन्स्टंट) ८.३१४ घ्यायचा, ०.०८२१ नाही.

प्रॅक्टिकलचं रीडिंग गंडलं असेल तर मात्र नेटवर विचारून उपयोग नाही, लॅब असिस्टंटना विचारा. ईडीटीएच्या टायट्रेशनमध्ये एंड पॉइंटला रंग वाइन रेडचा निळा होत नसेल तर बफर घातला का, पीएच १०च्या आसपास आहे का, हे ते बाटल्या बघूनच सांगतील. फक्त सबमिशनच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा लॅबमध्ये उभं राहायलाही जागा नसते.