समुद्र शांत असताना हवामान पाहताना या चुका टाळा

परतीचा पाऊस सरला, द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकली आणि आठ-दहा दिवस ऊन पडले, की नाशिक जिल्ह्यातील निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात हवामानाकडे पाहण्याची सवय सुटू लागते. उत्तर हिंदी महासागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. पहिला पावसाळ्यापूर्वीचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. यांपैकी दुसरा हंगाम नेमका आपल्या द्राक्षाच्या फुलोऱ्याच्या आणि लाल कांद्याच्या काढणीच्या दिवसांवर येतो. त्यामुळे त्यातील शांत आठवडे विश्रांतीचे न मानता तयारीचे मानले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

पहिली चूक म्हणजे शांततेच्या काळात पाहणे थांबवणे. ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा क्रम आठवून पाहावा. 31 मे 2020 रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, 1 जूनला त्याचे डिप्रेशन, म्हणजे त्याहून तीव्र प्रणाली, झाले आणि 3 जूनच्या दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळून पुढे ईशान्येकडे, म्हणजे आपल्या दिशेने सरकले. आठवड्यातून एकदाच नकाशा उघडणाऱ्या माणसाच्या हातात अशा वेळी काहीच उरत नाही.

दुसरी चूक मला सर्वांत घातक वाटते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. भारतीय हवामान विभागाच्या दैनंदिन उष्णकटिबंधीय पत्रकात पुढील सात दिवसांच्या रकान्यांत ‘निल’ (शून्य) लिहिलेले दिसले, की पाऊस नाही असा अर्थ काढला जातो. प्रत्यक्षात त्या रकान्यात फक्त डिप्रेशन तयार होण्याची शक्यता दिलेली असते, आणि डिप्रेशन म्हणण्यासाठी वाऱ्याचा वेग किमान ताशी 31 किलोमीटर असावा लागतो. त्याहून दुबळे कमी दाबाचे क्षेत्र किंवा किनाऱ्यालगतचा द्रोणीय पट्टा (कमी दाबाचा लांबट पट्टा) या मोजणीत येत नाही. मात्र तोच दक्षिणेकडून बाष्प ओढून आणतो आणि दोन दिवस ढगाळ ठेवून पाने ओली ठेवतो. डाऊनीला, म्हणजे द्राक्षावरच्या या बुरशीजन्य रोगाला, वादळाची गरज नसते, ओलावा पुरेसा असतो. म्हणून ‘निल’ वाचून झाल्यावर त्याच पत्रकातील ढगांचे वर्णन वाचावे, जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज पाहावा आणि मगच फवारणीचा निर्णय घ्यावा.

याच गैरसमजाचे दुसरे रूप म्हणजे वादळाची रेषा आपल्यापासून लांब गेली म्हणून निश्चिंत होणे. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ महाचक्रीवादळ पश्चिमेकडे सरकले, ते असतानाच ‘महा’ तयार झाले, आणि दोहोंपैकी एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले नाही. तरीही त्या दिवसांतील अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातील बागांचे हाल केले. 2017 मधील ‘ओखी’चा उगम तर श्रीलंकेजवळचा होता, आणि ते विरले 5 डिसेंबरच्या सुमारास दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याजवळ. केवळ मुंबईसमोरचा समुद्र पाहून भागत नाही, ते याचमुळे.

दहा-बारा दिवसांनंतरचे एखाद्या मॉडेलचे, म्हणजे हवामानाच्या संगणकीय अंदाजाचे, एकच चित्र पाहून घाबरणे ही उलट बाजूची चूक आहे. शेतकऱ्यांच्या मोबाइलवरच्या गटावर रात्री कोणीतरी लाल-जांभळ्या वर्तुळाचा नकाशा टाकतो, आणि सकाळी दुकानात बुरशीनाशकासाठी गर्दी होते. सहा-बारा तासांनी आलेल्या पुढच्या चित्रात ते वर्तुळ अनेकदा गायब असते किंवा ओमानकडे गेलेले असते. निदान सलग चार चित्रांत आणि दोन वेगवेगळ्या मॉडेलांत तीच प्रणाली साधारण त्याच भागात दिसेपर्यंत खर्च करू नये. दूरचा अंदाज हवाच असेल, तर हवामान विभागाचा दर गुरुवारचा दोन आठवड्यांचा आढावा अधिक उपयोगी पडतो. त्यात एमजेओ, म्हणजे साधारण 30 ते 60 दिवसांत पूर्वेकडे फेरी मारणारा ढगांचा मोठा पट्टा, हिंदी महासागरात कधी येणार हे दिलेले असते. शांत काळ बहुधा तो पट्टा आल्यावरच मोडतो. समुद्राचे पाणी 26.5 अंशांहून गरम असणे पुरेसे नसते. वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत असेल, तर गरम पाण्यावरचेही ढग विस्कटून जातात.

वेळेची चूक लहान असली तरी ती रोज होते. उपग्रहचित्रावरील वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. तीत साडेपाच तास मिळवावेत. 0300 म्हणजे आपले सकाळचे साडेआठ.

मी स्वतः गोठ्याच्या दाराला टांगलेल्या वहीत रोज चार गोष्टी लिहितो: पत्रकातील शक्यता, अरबी समुद्रातील ढगांची जागा, वाऱ्याची दिशा, आणि सकाळी आठ वाजता द्राक्षाच्या पानाच्या खालच्या बाजूवर बोट फिरवल्यावर ते ओले होते की कोरडे राहते. दिशा आग्नेयेकडे वळली आणि बोट सलग दोन सकाळी ओले निघाले, की पत्रकात काहीही लिहिलेले असो, मी त्या दिवसाचे पाणी बंद ठेवतो आणि खळ्यावरच्या कांद्यावर ताडपत्री ओढून घेतो.