मुंबईत राहून नाशिकच्या द्राक्षबागेतली कीड कशी मोजावी

घर दादर-ठाण्यात आणि बाग दिंडोरी-निफाडला असेल, तर सुट्टीच्या फेरीत ‘थ्रिप्स (फुलकिडे) वाढलेत’ एवढंच कळतं. किती वाढलेत हे कळायला मोजणी लागते. ती दर आठवड्याला, ठरलेल्या वेलींवर, ठरलेल्या वेळी आणि शक्यतो एकाच माणसानं करावी. माणूस बदलला की आकडाही बदलतो.

९ बाय ५ फुटांवर एकरी साधारण ९६८ वेली बसतात. त्यांतल्या २० निवडून रंगीत फीत बांधा. बांधालगतच्या ५ वेलींची नोंद वेगळी ठेवा. बाहेरून येणारी कीड बहुधा तिथंच आधी दिसते.

फुलकिडे मोजायचे ते सकाळी, वारा सुटण्याआधी. कोवळ्या शेंड्याखाली कागद धरून पाच टिचक्या मारा आणि लगेच मोजा, कारण ते क्षणात उडतात. फिकट पिवळी पिल्लं काळ्या कागदावर दिसतात, गडद प्रौढ पांढऱ्यावर. १० पट भिंग हवंच. फुलोऱ्यात घडही असाच झटकून पाहा. मण्यांवरचे डाग तेव्हाच ठरतात.

निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी, पिवळे तुडतुड्यांसाठी. शेंड्यांच्या उंचीवर लावा, मागे तारीख लिहा. धूळ बसली की चिकटपणा जातो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. शिवाय सापळ्यात फक्त पंखवाले येतात, पिल्लं पानावरच राहतात. त्यामुळे नुसत्या सापळ्यावरून फवारणी ठरवू नये. उतरवलेल्या सापळ्यावर पारदर्शक क्लिंग फिल्म चिकटवली तर तो मुंबईला आणून निवांत मोजता येतो. फोटोच मागवायचा असेल तर सावलीत, सापळा सपाट ठेवून; उन्हात गोंद चमकतो आणि काहीच मोजता येत नाही. मिलीबग (पिठ्या ढेकूण) खाणारे क्रिप्टोलिमस भुंगे सोडणार असाल तर पिवळे सापळे आधी काढा, नाहीतर तेही चिकटतात.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे (काडीवरचे अंकुर) फुगताना उडद्या भुंगेरा पाहा. तो डोळा पोखरतो आणि डोळ्यासोबत त्यातला घडही जातो. चाहूल लागताच तो मेल्याचं सोंग घेऊन खाली पडतो, म्हणून वेलीखाली आधी उलटी छत्री धरा, मगच हिसका द्या.

मिलीबगला चिकट सापळे कामाचे नाहीत. मादीला पंखच नसतात. मुंग्यांची रांग जिथं चढते, तिथली खोडाची आणि ओलांड्याची (तारेवरच्या आडव्या फांदीची) सुटलेली साल उचलून पाहा.

वहीत तारीख, छाटणीनंतरचे दिवस, फवारणी आणि वेलीगणिक आकडा लिहा. फवारणीआधी आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. कीड नसेल तिथं ० लिहायला सांगा. रकाना कोरा असला तर वेल पाहिलीच नाही की कीड नव्हती, हे मुंबईत बसून कळत नाही.